ब्रेकचे पॅड आणि कॅलिपरचे बोल्ट

बोरघाट चढतांना मोटारीच्या एंजिनाची परीक्षा होते आणि उतरतांना ब्रेकची. चढणीवर एंजिन दमलें तर गाडी थांबते, मंडळी खालीं उतरतात, बॉनेट उघडून वाफ जाऊं देतात, आणि फार तर तासाभराचा खोळंबा होतो. उतारावर ब्रेक दमले तर खोळंबा होत नाहीं, हीच खरी अडचण. असें असूनहि सामान्य मोटारमालक एंजिनाचा आवाज किंचित् बदलला कीं कान टवकारतो, आणि ब्रेककडे मात्र ते कुरकुरूं लागेपर्यंत ढुंकूनहि पाहत नाहीं.

थांबणें ह्या क्रियेचा थोडा हिशेब मांडून पाहिला म्हणजे ह्या उपेक्षेचें आश्चर्य वाटतें. माणसें व सामान धरून एक हजार किलो भरणारी मोटार ताशीं ८० किलोमीटर वेगानें धांवत असतां तिच्या अंगीं सुमारें अडीच लाख जूल ऊर्जा असते. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहींशी झाली असें नव्हे. तिची उष्णता होते, आणि ती उष्णता ब्रेकना पोटांत घ्यावी लागते. चहासाठीं ठेवलेलें पाऊण लिटर पाणी तेवढ्या उष्णतेनें उकळीला येईल. हें झालें सपाट रस्त्यावर एकदां थांबण्याचें. तीच गाडी पांचशे मीटर उंचीवरून खालीं आली, आणि बोरघाटाची उतरण साधारणपणें एवढी आहे, तर ह्याच्या वीसपट ऊर्जेची वाट लावावी लागते. जाणता चालक खालचा गियर टाकून तिचा मोठा भाग एंजिनाच्या गळ्यांत बांधतो. पेट्रोल वाचविण्याच्या मोहानें गियर काढून गाडी उतारावर सोडून देणारा चालक तें सारें आधण मुख्यत्वें पुढच्या दोन चाकांतील चार लहानशा पॅडांवर ठेवतो.

डिस्क ब्रेकची कल्पना पुष्कळ जुनी आहे. बर्मिंगहॅमचे एंजिनियर फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्यांच्या ब्रेकांत डिस्कवर दाबणारे तुकडे तांब्याचे होते. ते कर्कश किंचाळत आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत, म्हणून कल्पना चांगली असूनहि मागें पडली, आणि पुढें अर्धशतक ड्रम ब्रेकचेंच राज्य चाललें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी पहिली आली, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. १९५५ सालीं सित्रोएन कंपनीची डी. एस. ही गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच बाजारांत उतरली. आपल्याकडे अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्या कित्येक वर्षें चारी चाकांना ड्रम लावूनच हे घाट चढल्या-उतरल्या. आतां लहानांत लहान मोटारीलाहि निदान पुढें तरी डिस्क असते.

तिची रचना एकदां ध्यानांत घेतली म्हणजे पुढील सर्व काम आपोआप उलगडतें. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी ती डिस्क. तिच्या कडेवर चिमट्यासारखा बसलेला जाड लोखंडी भाग तो कॅलिपर. चिमट्याच्या दोन ओठांआड दोन पॅड असतात, एक डिस्कच्या आंतल्या अंगाला, एक बाहेरच्या. सामान्य गाड्यांतील कॅलिपरला पिस्टन मात्र एकच, तोहि आंतल्या बाजूला. पायानें पेडल दाबलें कीं ब्रेक ऑइल पिस्टनला पुढें ढकलतें आणि आंतला पॅड डिस्कला टेकतो. मग बाहेरच्या पॅडाला कोण दाबतो? पिस्टनला पुढें जाण्यास जागा उरली नाहीं कीं त्याच दाबानें सबंध कॅलिपर मागें सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला चिकटवितो. म्हणजे एक हात पुढें जातो, दुसरा त्याच्याच जोरावर मागें येतो, आणि मधली डिस्क दोहोंत सांपडते.

हें सरकणें ज्यांच्यावर होतें त्या दोन गुळगुळीत पिना, आणि त्या पिनांना कॅलिपर जखडून ठेवणारे दोन लहान बोल्ट. पिना ज्या चौकटींत सरकतात ती चौकट आणखी दोन मोठ्या बोल्टांनीं चाकाचा आंस धरणाऱ्या भागाला बसविलेली असते. पॅड डिस्कला धरतात तेव्हां फिरणारी डिस्क त्यांना आपल्याबरोबर ओढूं पाहते. त्यांना चौकट अडविते, आणि चौकटीला ते दोन मोठे बोल्ट. दर चाकाला असे चार बोल्ट. ते चाकाआड दडलेले असतात, आणि मालकाला बिलांत ते कोठेंच दिसत नाहींत. बिलांत दिसतात ते पॅड.

पुण्याचे एक गृहस्थ कल्पावे. शनिवारीं त्यांनीं शहरांत पुढचे पॅड बदलून घेतले आणि रविवारीं बायकामुलांना घेऊन अलिबागेस निघाले. खंडाळा सोडल्यावर पहिल्याच मोठ्या वळणावर त्यांनीं ब्रेक दाबला, तों डाव्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज आला. पुन्हां दाबला, पुन्हां आला. सोडला, तेव्हांहि आला. नवे पॅड आहेत, बसतां बसतां बसतील, अशी समजूत घालून घेणें सोपें होतें. ह्या गृहस्थांनीं ती घातली नाहीं. दुसरा गियर टाकून, गोगलगाईच्या चालीनें त्यांनीं घाट उतरला आणि खोपोलीस रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीपुढें गाडी उभी केली.

म्हाताऱ्या मिस्त्रीनें आवाजाचें वर्णन ऐकून घेतलें आणि पहिला प्रश्न भलताच विचारला. “साहेब, काढलेले जुने पॅड टाकलेत कीं ठेवलेत?”

गृहस्थांनीं ते ठेवले होते. नवे खरोखर घातले ह्याचा पुरावा म्हणून त्यांनीं ते मागून घेतले होते, पुढें काय करायचें हें ठाऊक नसतांना. डिकींतून निघालेले ते चार तुकडे मिस्त्रीनें ओट्यावर मांडले. उजव्या चाकाचे दोन्ही सारखे झिजले होते. डाव्याचा बाहेरचा पॅड चांगला सहा मिलिमीटर शिल्लक होता, आणि आंतला जवळजवळ पत्र्याला लागला होता. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाडीचा असतो, आणि तीन उरले म्हणजे तो बदलावा असा बहुतेकांचा रिवाज आहे. ह्या दोन तुकड्यांनीं सांगितलें कीं डावा कॅलिपर पिनांवर सरकतच नव्हता. पिस्टन आंतल्या पॅडाला दाबी, पण बाहेरचा ओढला जात नसे, आणि अर्ध्या ब्रेकवर गाडी चालली होती. शहरांत ज्यानें पॅड बदलले त्यानें झीज पाहिली, झिजण्याचें कारण पाहिलें नाहीं. नवा पॅडहि त्याच वाटेनें गेला असता.

पण आवाज त्याचा नव्हता. मिस्त्रीनें मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी जमिनीवर असतांनाच चाकाचे नट थोडे सैल केले, मग जॅकनें गाडी उचलून तिच्याखालीं लोखंडी स्टँड सरकविला, आणि चाक काढलें. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं हात घालूं नये, हा नियम सर्वांना पाठ असतो आणि घाईंत सर्वजण तो मोडतात. चाक बाजूला होतांच कारण दिसलें. कॅलिपरचा खालचा बोल्ट निम्म्याहून अधिक बाहेर आला होता. वरच्या एकाच बोल्टावर कॅलिपर झोका खात होता, आणि दर वेळीं ब्रेक दाबला कीं खालून उचलला जाऊन परत आदळत होता. आणखी कांहीं मैलांनीं तो बोल्ट गळून पडला असता. मग कॅलिपर वरच्या बोल्टाभोंवतीं फिरून चाकाच्या आंतल्या अंगाला जाऊन भिडला असता. चालत्या चाकांत लोखंडाचा असा तुकडा अडकला तर काय होतें हें गृहस्थांना समजावून सांगावें लागलें नाहीं. मुलें दूर झाडाखालीं शेंगा खात होतीं; त्यांच्याकडे त्यांनीं एकदां पाहिलें.

गंमत अशी कीं वरचा बोल्ट ह्याच्या अगदीं उलट होता. तो सोडवितांना मिस्त्रीला पान्याला नळी लावून जोर करावा लागला. एकाच हातानें बसविलेले दोन बोल्ट, एक बोटांनीं फिरेल असा, दुसरा हलेना असा. बहुधा खालचा बोल्ट हातानें लावून ठेवला, वरचा पान्यानें आवळला, इतक्यांत कोणी तरी हांक मारली, आणि खालच्याला पाना लागायचा तो राहिला. अशा चुका अज्ञानांतून होत नाहींत, कामाचा क्रम मध्येंच तुटल्यानें होतात. म्हणूनच त्या जाणत्या माणसाकडूनहि होतात.

कॅलिपर मोकळा झाल्यावर मिस्त्रीनें तो तारेनें वर बांधला. ऑइलच्या रबरी नळीवर त्याचें ओझें लोंबकळत ठेवलें तर नळी आंतून चिरते आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मग त्यानें दोन्ही पिना ओढून काढल्या. वरची सहज आली. खालची गंजून घट्ट बसली होती. तिचें रबरी टोपण फाटून आंत पाणी शिरलें होतें. शिवाय ह्या गाडींत एका पिनेच्या टोंकाला रबराची बारीक कडी असते आणि दुसरी साधी असते, त्यांची जागा ठरलेली असते. येथें त्या उलटसुलट घातलेल्या आढळल्या. सर्वच गाड्यांत असा भेद नसतो, पण असेल तर काढतांनाच खूण करून ठेवावी लागते, कारण दोन्ही पिना दोन्ही भोकांत जातात आणि चूक हाताला लागत नाहीं.

पिना घासून लख्ख केल्या, भोकें पुसून घेतलीं, नवीं टोपणें घातलीं. पिनांना लावायचें ग्रीस ब्रेकसाठीं म्हणून वेगळें मिळतें. बेअरिंगचें साधें ग्रीस हाताशीं असतें म्हणून पुष्कळ जण तेंच लावतात. पण खनिज तेलाच्या ग्रीसनें ब्रेकमधील रबर फुगतें, आणि जी पिन मोकळी करायची तीच कांहीं महिन्यांनीं जाम होते. ग्रीसहि पातळ थर बसेल इतकेंच. पॅडाच्या घासणाऱ्या अंगाला किंवा डिस्कला त्याचा डाग लागला तर तो पॅड फेंकून द्यावा हेंच बरें.

चौकटीच्या खांचा तारेच्या ब्रशानें घासून, पत्र्याच्या क्लिपा नीट बसवून पॅड आंत घातला तेव्हां तो बोटानें पुढेंमागें सरकला. सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागणारा पॅड परत सुटत नाहीं आणि डिस्कला घासत राहतो. झीज कळविण्यासाठीं एका पॅडाला पत्र्याची लहान जीभ असते, पॅड संपत आला कीं ती डिस्कला लागून चिरकते; ती असलेला पॅड कारखान्यानें सांगितलेल्या बाजूसच घालावा. ब्रेकवरची काळी धूळ मिस्त्रीनें फुंकली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली. जुन्या काळीं पॅडांत ॲसबेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांत जाऊन माणसें मेलीं आहेत. नव्या पॅडांची धूळहि छातींत घेण्याजोगी नव्हेच.

नवा जाड पॅड घालायचा म्हणजे पिस्टन मागें ढकलावा लागतो, आणि पिस्टन मागें गेला कीं त्याच्यामागचें ऑइल बॉनेटखालच्या डब्यांत परत चढतें. पॅड झिजत असतांना डब्यांतील पातळी उतरते, कोणी तरी ती भरून ठेवतो, आणि नवे पॅड घालतांना तेंच जादा ऑइल उतूं जातें. नेहमीचें ब्रेक ऑइल मोटारीचा रंग खातें, तेव्हां डब्यावर लक्ष ठेवून, जरूर तर थोडें काढून घेऊन, शिकंज्यानें सावकाश दाबावें. कांहीं गाड्यांचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरांतच असतो. तेथील बरेचसे पिस्टन दाबून जात नाहींत, फिरवीत न्यावे लागतात, आणि कांहीं नव्या गाड्यांत विजेची मोटार आधीं मागें घ्यावी लागते. तेथें बळ केलें तर कॅलिपरच मोडतो.

आतां बोल्ट. लोकांची समजूत अशी कीं बोल्ट जितका घट्ट तितका चांगला. बोल्ट हा खिळा नव्हे. आवळतांना तो केंसभर ताणला जातो, आणि ताणलेली स्प्रिंग आंखडूं पाहते त्याप्रमाणें दोन भागांना एकमेकांवर आवळून धरतो. ताण कमी पडला तर धक्क्याधक्क्यानें बोल्ट आपण होऊन उलटा फिरूं लागतो. ताण फार झाला तर त्याचें लोखंड कायमचें लांबतें किंवा आटे सोलले जातात. असा बोल्ट वरून घट्ट दिसतो, पण त्याची पकड गेलेली असते. म्हणून कारखाना प्रत्येक बोल्टाला किती पीळ द्यावा हें मोजून लिहून ठेवतो. लहान गाड्यांत कॅलिपर पिनेवर बसविणाऱ्या बोल्टांना तो साधारणपणें २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाला बारा किलोंचा जोर दिला तर सुमारें ३० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे हा बोल्ट फार मोठ्या जोराचा नव्हेच. चौकटीच्या मोठ्या बोल्टांना मात्र पुष्कळ गाड्यांत ८० ते ११० लागतात. एकाचा आंकडा दुसऱ्याला लावला तर लहान बोल्ट तुटतो किंवा मोठा सैल राहतो. अदमासानें चालणें येथें वेडेपणाचें आहे. त्याच गाडीच्या पुस्तकांतला आंकडा पाहावा.

मिस्त्रीनें वरचा ताणलेला बोल्ट परत वापरला नाहीं. कांहीं कारखान्यांचे बोल्ट मुळांतच एकदां वापरण्याचे असतात; त्यांच्या आट्यांवर रंगीत चिकट लेप असतो, आणि तो एकदां तुटला कीं पुन्हां तसा धरीत नाहीं. नवे दोन बोल्ट आणवून, भोकांतले आटे साफ करून, त्यानें ते आधीं बोटांनींच फिरविले. बोटांनीं पांच-सहा फेरे सहज गेले म्हणजे आटे सरळ लागले असें समजावें. पहिल्याच फेऱ्याला पाना घेतला तर वांकडा लागलेला बोल्टहि आंत जातो आणि पिनेचे आटे घेऊन बाहेर येतो. आट्यांना तेल त्यानें लावूं दिलें नाहीं. गृहस्थांना तें बरें वाटलें असतें, पण कोरड्या आट्यांसाठीं ठरविलेला पीळ तेलकट आट्यांवर दिला कीं घर्षण कमी पडून बोल्ट प्रमाणाबाहेर ताणतो. मग एका पान्यानें पिन धरून, कारण ती न धरल्यास बोल्टाबरोबर तीच फिरते आणि टोपण पिळवटतें, त्यानें दुसऱ्या हातांत टॉर्कचा पाना घेतला. खालचा बोल्ट, टक्. वरचा, टक्. हा टक् कानाला वेगळाच लागला. चौकटीचे मोठे बोल्ट त्यानें उघडले नाहींत, पण त्यांनाहि पाना लावून पाहिला. शेवटीं प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली कीं बोल्ट फिरला.

त्यानंतर उजवें चाक. तेथें सर्व ठीक होतें, तरी तेंहि उघडलें, पिना पाहिल्या, आणि बोल्टांना तोच पाना लावला. एका आंसावरच्या दोन चाकांपैकीं एकाचेंच काम करणें म्हणजे गाडीला एका बाजूस ओढायला शिकविणें होय.

चाकें चढवून, नट एकाआड एक समोरासमोरचे आवळून, गाडी जमिनीवर आली. गृहस्थ किल्ली फिरवूं लागले तों मिस्त्रीनें हात वर केला. “थांबा साहेब, आधीं पाय.” पिस्टन मागें ढकललेला असतो, तो पॅडाला येऊन टेकेपर्यंत पेडल रिकामें खालीं जातें. पहिल्या दाबाला तें जवळजवळ तळाला गेलें, दुसऱ्याला अर्ध्यावर थांबलें, तिसऱ्या-चौथ्याला दगडासारखें टणक झालें. हें उभ्या गाडींत केलें नाहीं तर पहिला रिकामा दाब रस्त्यावर वांट्याला येतो. फाटक, भिंत, शेजाऱ्याची सायकल, ह्या दाबानें कित्येकांना भेटल्या आहेत. कितीहि दाबून पेडल मऊच राहिलें तर नळींत हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी हलवूं नये. डब्यांतील ऑइल दोन रेघांच्या मध्यें आहे हें पाहून मिस्त्रीनें झांकण लावलें.

नव्या पॅडांना डिस्कशीं जुळण्यास थोडा वेळ द्यावा लागतो. पेणकडचा रस्ता सपाट आणि त्या वेळीं मोकळा होता. ताशीं ५० वरून १५ पर्यंत वेग हलक्या, सारख्या दाबानें उतरवावा, पूर्ण थांबूं नये, मग थोडें चालून ब्रेकला वारा लागूं द्यावा, असें आठ-दहा वेळां करण्यास मिस्त्रीनें सांगितलें. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभें राहिलें तर पॅडाचा थर एकाच जागीं चिकटून पुढें पेडल थरथरूं लागतें. पहिले तीनशें किलोमीटर जोराचा ब्रेक प्रसंग पडेल तरच, आणि परतीचा घाट चढण्यापूर्वीं चाकाच्या नटांना एकदां पाना, हेंहि त्यानें सांगितलें. मजुरी घेऊन तो दुसऱ्या गाडीखालीं गेला.

पेण येईपर्यंत आवाज आला नाहीं. गांवाबाहेर वडाच्या सावलींत गृहस्थांनीं गाडी उभी केली, खालीं उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ स्पर्श न करतां हाताची पाठ नेली, आणि डावें-उजवें सारखेंच तापलें आहे हें पाहिलें. मग गुडघे टेकून, चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्चचा उजेड टाकून, त्यांनीं आंतल्या पांढऱ्या रेघा एकेक करून मोजल्या. चारहि सरळ होत्या. मुलांनीं विचारलें बाबा काय शोधताहेत, तेव्हां त्यांनीं त्यांनाहि खालीं वांकून दाखविल्या, आणि गाडी अलिबागेच्या रस्त्याला लागली.